पावणेदोनचा पियानो

इंग्लंडमधल्या लेस्टरला भाचीकडे गेले होते तेव्हाची गोष्ट. सकाळचे अकरा वाजले असतील. तिची लेक बाहेरच्या खोलीत पियानोचा सराव करत होती. फोरे नावाच्या फ्रेंच संगीतकाराची एक अंगाई. मुळात ती दोघांनी एकाच पियानोवर शेजारी बसून वाजवायची, पण ही एकटीच त्यातला वरचा भाग घोटत होती आणि दर खेपेला एकाच जागी अडखळून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. स्वयंपाकघरात आम्ही दोघी आणि शेजारच्या आजी. आजी ऐंशीला टेकलेल्या. मागच्या वाफ्यातला रुबार्ब, म्हणजे तिकडची एक आंबट देठांची भाजी, वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आल्या होत्या आणि त्याची पानं खायची नसतात, विषारी असतात, हे मला बजावून सांगत होत्या. सांगता सांगता मध्येच थांबल्या. मान किंचित तिरकी करून ऐकलं आणि म्हणाल्या, "पावणेदोन झाले." भाचीने दचकून घड्याळाकडे बघितलं. मग आजीच हसल्या. लहानपणी रोज दुपारी पावणेदोनला रेडिओवर हेच सूर लागायचे, म्हणाल्या. मग एक बाई विचारायची, नीट बसलात ना? मग मी सुरू करते. आणि गोष्ट सांगायची. आजी तेव्हा चार-पाच वर्षांच्या. त्या खाली गालिच्यावर, मागे खुर्चीत आई. "आई दिवसभरात तेवढीच बसायची," एवढं बोलून त्यांनी पुन्हा रुबार्बचा विषय काढला. साखर किती घालायची, आलं किसून घालायचं का, वगैरे.

निघताना दारात उभ्या राहून मात्र म्हणाल्या, "राजा गेला त्या दिवशी गोष्ट लागलीच नाही."

मला त्या गोष्टीपेक्षा आईचं बसणं टोचत राहिलं. लेकराला गोष्ट ऐकवायच्या निमित्ताने का होईना, एका बाईला बूड टेकायची परवानगी मिळते, आणि ती परवानगी लंडनच्या पोर्टलंड प्लेसमधल्या बीबीसीच्या गोऱ्यापान इमारतीतून येते, पंधरा मिनिटांपुरती. पुण्याला परतल्यावर मी बीबीसीचा जुना कार्यक्रमांचा साठा उघडून बसले. 'रेडिओ टाइम्स' या त्यांच्या साप्ताहिकाचे १९२३ पासूनचे अंक त्यांनी कार्यक्रमागणिक ऑनलाइन ठेवले आहेत. हवी ती तारीख टाका, तो दिवस मिनिटामिनिटांनी समोर येतो. मी टाकली ६ फेब्रुवारी १९५२. बुधवार. ब्रिटनचा राजा सहावा जॉर्ज गेला तो दिवस.

पान उघडलं आणि गंमत लक्षात आली. पानावर राजा गेलेलाच नाही. अंक आदल्या आठवड्यात छापून घरोघरी पोचलेला. त्यामुळे त्या बुधवारी जे जे होणार होतं ते सगळं तिथे शिस्तीत हजर आहे, रात्रीच्या शेवटच्या कार्यक्रमापर्यंत. प्रत्यक्षात त्यातला जेमतेम सकाळचा तुकडा वाजला. बाकीचा दिवस छापलेला आहे, झालेला नाही. मला हे फार आवडलं. झालेल्या दिवसांच्या नोंदी जगात पुष्कळ आहेत. न झालेल्या दिवसाचं इतकं तपशीलवार वेळापत्रक कुठे मिळायला?

तेव्हा ब्रिटनमध्ये बीबीसीची तीन दालनं होती. होम सर्व्हिस म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस: बातम्या, प्रार्थना, शाळांचे पाठ, नाटकं. लाइट प्रोग्राम १९४५ च्या जुलैत निघाला, युद्ध संपल्यावर लोकांना जरा हसू-गाऊ द्यावं म्हणून. आणि १९४६ पासून थर्ड प्रोग्राम, संध्याकाळी सहानंतर उघडणारा, विद्वानांसाठीचा. ज्यांना तो समजायचा ते मोजके आणि ज्यांना आपल्याला तो समजतो असं इतरांना वाटावंसं वाटायचं ते पुष्कळ. या सगळ्याची वर्षाची फी एक पौंड. जाहिरात एकही नाही. आजींच्या आईचा सगळा संसार लाइट प्रोग्रामवर चालायचा, म्हणून मीही बोट त्याच रकान्यावर ठेवलं.

सकाळी नऊला तो रकाना सुरू होतो. नवरा कामावर गेलेला, मोठी मुलं शाळेत. नऊ वाजून दहा मिनिटांनी 'हाउसवाइव्ज चॉइस', म्हणजे बायकांनी पोस्टकार्डावर लिहून पाठवलेल्या फर्माइशी. शीर्षकधून अशी उड्या मारणारी की हातातलं फडकंसुद्धा तिच्या तालावर फिरावं. निवेदक बहुतेक करून पुरुष, खेळकर, थोडा लाडीगोडीचा. अमक्या गावच्या अमक्या बाईंच्या लग्नाचा वाढदिवस, अमकी इस्पितळात आहे, तिच्या बहिणीने हे गाणं मागितलं आहे. मला त्या सेटची कल्पना करणं सोपं जातं, कारण आमच्या जुन्या वाड्यात मर्फीचा व्हॉल्व्हवाला सेट होता. कान पिळला की आवाज लगेच येत नसे. आधी डायलमागचा दिवा पिवळा व्हायचा, मग आत काहीतरी तापायला लागायचं, तापलेल्या धुळीचा एक कोरडा, खरपूस वास यायचा, आणि मग दुरून चालत आल्यासारखं गाणं जवळ यायचं. तोवर आपण हातातलं काम करत राहायचं. तिकडच्या सेटच्या काचेवर हिल्व्हरसम, अथलोन, लक्झेंबर्ग अशी परगावची नावं छापलेली असत. भांडी घासणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर दिवसभर ती अख्ख्या युरोपची यादी. काटा मात्र रोज एकाच जागी.

साडेदहाला 'म्युझिक व्हाइल यू वर्क'. हा कार्यक्रम १९४० च्या जूनमध्ये युद्धसामग्रीच्या कारखान्यांसाठी सुरू झाला आणि १९६७ पर्यंत चालला. दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास अखंड वाद्यसंगीत. मध्ये बोलणं नाही, गाणारा गळा शक्यतो नाही. यंत्रांच्या घरघरीतून ऐकू यायला हवं म्हणून आवाजाची पातळी एकसारखी. फार संथ चाल नको, कामगार पेंगतील. फार अवघड ठेका नको, हात चुकेल. आणि एका अमेरिकन गाण्यावर तर बंदीच घातली होती, कारण त्यात मध्येच चार टाळ्या येतात आणि कामगार हातातलं काम टाकून त्या टाळ्या पान्यांनी यंत्रावर वाजवायचे. मला या बंदीचं हसू येतं आणि पुढच्याच क्षणी ते थोडं अडखळतं. म्हणजे कुणीतरी बसून हिशेब केला होता की माणसाच्या अंगात किती उत्साह यावा आणि नेमका कुठे थांबावा. तोफगोळे जास्त निघावेत म्हणून वॉल्ट्झ. पण तेच संगीत घरातल्या बाईलाही लागू पडलं, हे त्या हिशेबात आधी धरलं होतं की नाही कोण जाणे. तिचाही कारखानाच होता, फक्त भोंगा नव्हता.

अकराला 'मिसेस डेल्स डायरी'. आदल्या दुपारचा भाग सकाळी पुन्हा. डॉक्टरची बायको मिसेस डेल रोज आपली रोजनिशी सांगते. सुरुवातीला हार्पची लहर. मग हा मुलगा, ती मुलगी, मांजराच्या नादी लागलेली तिची आई, आणि नवरा जिम, ज्याची तिला कायम काळजी वाटते. 'मला जिमची जरा काळजीच वाटते' हे वाक्य देशभर थट्टेचा विषय झालं होतं. या डेलबाईंकडे घरकामाला बाई होती. ऐकणाऱ्या लाखो बाया मात्र स्वतःच गुडघ्यांवर बसून फरशी घासत डेलबाईंच्या घरातल्या कामवालीची सुखदुःखं ऐकत होत्या. याचा राग कुणाला आला असेल का? मला वाटतं, नसेल आला. आपल्याकडेही दुपारच्या मालिकांमधल्या बंगल्यांचा राग दोन खोल्यांच्या घरात कुणाला येत नाही. एलिस पॉवेल नावाच्या नटीने हा आवाज पंधरा वर्षं दिला. १९६३ साली तिला काढून एका नामवंत सिनेतारकेला घेतलं. त्याच वर्षी पॉवेल वारली. लोकांनी ज्या बाईला घरातली मानलं ती खरी कुणाच्याच घरातली नव्हती, हे अशा वेळी बोचतं.

पानावर मिसेस डेलची पंधरा मिनिटं सव्वाअकराला संपतात.

त्या बुधवारी सव्वाअकराला जॉन स्नॅगचा आवाज आला. युद्धातल्या मोठमोठ्या घडामोडी ज्याने वाचल्या तोच हा जाड, जडशीळ आवाज. राजा सॅन्ड्रिंगहॅमच्या आपल्या वाड्यात पहाटे झोपेतच गेला होता. मुलगी एलिझाबेथ तिकडे केनियात, बातमी कळायच्या आधीच राणी झालेली. निवेदन संपलं आणि बीबीसीने सगळे कार्यक्रम बंद केले. ठरलेल्या वेळच्या बातम्या आणि हवामानाचे, वादळाचे इशारे, एवढंच राहिलं. समुद्रात गेलेल्या माणसाला राजा असो-नसो, वाऱ्याचा जोर कळायलाच हवा. बाकी शांतता. कागदावर मात्र दिवस तसाच पुढे चालला आहे. माझं बोट खाली सरकत गेलं आणि पावणेदोनशी आलं. 'लिसन विथ मदर'. पाचाच्या आतल्या मुलांसाठी गोष्ट आणि बडबडगीतं. १९५० च्या जानेवारीत सुरू झालेला. पियानोचे ते सूर, आणि मग तो प्रश्न. तो प्रश्न म्हणे पहिल्या वेळी ज्यूलिया लँग सहज बोलून गेली होती, कागदावर नव्हता. नंतर तोच कार्यक्रमाची ओळख झाला. रेडिओ ऐकणाऱ्याला प्रश्न विचारणं हे तसं पोरकटच. उत्तर कुणाला ऐकू जाणार आहे? पण चार वर्षांचं पोर "हो" म्हणतं. आजी म्हणायच्या. मोठ्याने.

मी भाचीला फोन करून आजींना त्या दिवसाबद्दल विचारायला सांगितलं. भाचीने फोन सरळ त्यांच्याच हातात दिला. आजींना राजा आठवत नव्हता. आठवत होतं ते असं: पावणेदोनला त्या गालिच्यावर जाऊन बसल्या, आईने सेट लावला, दिवा पिवळा झाला, आवाज आला नाही. आईने पुन्हा कान पिळला. मग म्हणाली, आज नाही. आजी म्हणाल्या, मी भोकाड पसरलं, आणि आईला वाटलं मी राजासाठी रडते आहे, म्हणून तिने शेजारणीला कुंपणापाशी बोलावून कौतुकाने सांगितलं. "पुढे कितीतरी वर्षं आमच्या घरात ही गोष्ट सांगितली जायची. मी राजनिष्ठ म्हणून." मी विचारलं, मग आई बसली का हो त्या दिवशी? पलीकडे जरा वेळ गेला. "छे. तिने अव्हन घासायला काढला."

तेव्हा चहावरसुद्धा रेशन होतं. माणशी आठवड्याला दोन औंस. मटण, लोणी, साखर, मुलांच्या गोळ्या, सगळंच कुपनावर. युद्ध जिंकून सात वर्षं होत आली तरी रांगा संपलेल्या नव्हत्या. त्या आईच्या दिवसात रांग हे एक मोठं काम होतं आणि ते रेडिओच्या वेळा सांभाळून करायचं. पावणेदोनच्या गोष्टीनंतर लगेच दोनला 'वुमन्स अवर'. ही जोडणी किती चतुर आहे बघा. पोराला पावणेदोनला गोष्ट ऐकवायची, दोनला ते पेंगतं, आणि आई सेटपाशी असतेच, तिला बायकांचा कार्यक्रम. तो सुरू झाला ७ ऑक्टोबर १९४६ ला, आणि पहिला निवेदक होता एक पुरुष, ॲलन आयव्हिमी. बायकांनी पत्रं लिहून नाराजी कळवली आणि काही महिन्यांतच तिथे बायकांचे आवाज आले. गंमत म्हणजे त्याच तारखेला संध्याकाळी पावणेसातला 'डिक बार्टन' या गुप्तहेराची मालिका सुरू झाली. दोन्ही कल्पना एकाच माणसाच्या, लाइट प्रोग्रामचा प्रमुख नॉर्मन कॉलिन्स याच्या. दुपारी आयांना, संध्याकाळी पोरांना. एका दिवसात त्याने घर वाटून टाकलं. पण 'वुमन्स अवर'ला निव्वळ पाककृतींचा कार्यक्रम म्हणून सोडून देता येत नाही. रजोनिवृत्तीसारखा विषय त्यांनी १९४० च्या दशकातच काढला होता, ज्या काळी तो शब्द बायका आपसातही दार लावून बोलत.

आमच्या घरी आईचा दिवस असाच आकाशवाणीने कापून दिलेला होता. सहा पंचावन्नला संस्कृत बातम्या, तेव्हा दूध तापायला हवं. सात पाचला पुण्याहून प्रादेशिक बातम्या, तेव्हा माझी वेणी. 'वनिता मंडळ' लागलं की ती परातीत तांदूळ घेऊन बसायची. बसणं म्हणजे निवडणं. 'कामगार सभा' लागली की शेजारच्या गिरणी कामगाराच्या बायकोला दिनदर्शिका बघावी लागत नसे, आज नवऱ्याची पाळी कुठली ते तिला पेटीतल्या गाण्यावरून कळे असं ती म्हणायची, आणि आम्हाला ते खरं वाटे. कामगारांसाठी वेगळं, बायकांसाठी वेगळं, मुलांसाठी, शेतकऱ्यांसाठी वेगळं, ही वाटणी पाहिली की लंडनचा तो रकानाच आठवतो. १९३५ मध्ये दिल्लीच्या नभोवाणीची सूत्रं हाती घ्यायला लायनेल फील्डन आला तो बीबीसीतूनच, आणि त्याच्याच कारकिर्दीत पुढच्या वर्षी तिला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. आमच्या चुलीपर्यंत पोचलेल्या शिस्तीला असा लांबचा आजोळचा वास आहे. पण आमच्या आईला बसायची परवानगी कुठल्याच कार्यक्रमाने दिली नाही. तांदूळ नसतील तर डाळ, डाळ नसेल तर उसवलेली शिवण. कुणी रेडिओवरून तिला कधी विचारलं नाही, नीट बसलात ना?

पानावर खाली येत गेलं की दुपारचं संगीत पुन्हा, मग मिसेस डेलचा नवा भाग, पाचला शेजारच्या होम सर्व्हिसच्या रकान्यात 'चिल्ड्रन्स अवर'. आणि पावणेसातला 'आर्चर्स'. डिक बार्टनच्या पाठलागांनी भारलेली दीड कोटी माणसं ज्या घडीला सेटभोवती जमायची, ती घडी १९५१ च्या ईस्टरपासून एका शेतकरी कुटुंबाला दिली. यामागची कथा मजेशीर आहे. युद्धानंतर अन्न कमी, शेतकऱ्यांनी नवी खतं, नवी यंत्रं वापरावीत म्हणून सरकार धडपडत होतं, आणि बर्मिंगहॅमच्या एका बैठकीत एक शेतकरी उठून म्हणाला, आम्हाला शेतीतला डिक बार्टन हवा. त्यातून ॲम्ब्रिज हे खोटं गाव जन्माला आलं. लेखकसुद्धा बार्टनचेच दोघे. गुप्तहेराला दरीच्या कड्यावर लोंबकळत ठेवणाऱ्या हातांनी आता गाय व्यायला अडली आहे इथे भाग थांबवायला सुरुवात केली. ते गाव अजून चालू आहे. २२ सप्टेंबर १९५५ ला, नेमक्या ज्या रात्री जाहिरातींवर चालणारं टेलिव्हिजन सुरू व्हायचं होतं त्याच रात्री, त्यांनी घरातल्या नव्या सुनेला, ग्रेसला, आगीत मारलं. जळत्या तबेल्यातून घोडा वाचवायला ती आत गेली. देश हळहळला, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत टेलिव्हिजनपेक्षा ग्रेसच जास्त. बीबीसीसारखी सोज्वळ संस्था गरज पडली की सून जाळूही शकत होती, हे मला राजाच्या निधनापेक्षा जास्त काही सांगून जातं.

रात्री नऊला होम सर्व्हिसवर बिग बेनचे टोले आणि बातम्या. बातम्या सांगणाऱ्याचं नाव नाही. युद्धात तेवढं नाव सांगायचे, शत्रूने खोटा आवाज घुसवू नये म्हणून. आणि उच्चार सगळ्यांचे एकसारखे, धुतलेले, इस्त्री केलेले. १९४१ साली विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशरच्या माणसाला बातम्या वाचायला बसवलं, तर तक्रारी आल्या, अशा बोलीतली बातमी खरी कशी मानायची म्हणून. तक्रारी करणाऱ्यांत यॉर्कशरचेही लोक असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. कोल्हापूरकडच्या माझ्या मामांना आकाशवाणीच्या ऑडिशनमधून परत पाठवलं होतं तेव्हा सर्वात आधी त्यांना नावं ठेवली होती ती कोल्हापूरच्याच नातेवाइकांनी.

या धुतलेल्या आवाजांच्या घरात पहिला मोठा गोंधळ घातला तो मात्र आपल्या नगरच्या माणसाने. स्पाइक मिलिगन १९१८ मध्ये अहमदनगरला जन्मला, बाप तोफखान्यात, लहानपण पुण्याच्या कॅम्पात. १९५१ च्या मेपासून त्याने आणि त्याच्या मित्रांनी जो 'गून शो' सुरू केला त्यात अर्थ सोडून सगळं होतं. दारं उघडतात ती भिंतीच नसलेल्या घरांची, माणसं पियानोत बसून समुद्र ओलांडतात, आणि निवृत्त मेजर पोट धरून हिंदुस्थानातल्या आठवणी काढतात. ज्या साहेबी जगात मिलिगन वाढला त्याची ती टर होती. पुढे त्याच्याच ब्रिटिश पासपोर्टावर प्रश्न उभा राहिला, कारण जन्म हिंदुस्थानातला आणि बाप आयरिश. चिडून त्याने आयर्लंडचं नागरिकत्व घेतलं. इंग्रजांना हसायला शिकवलेल्या माणसाला इंग्रज म्हणवून घ्यायला कागद पुरेना. मला तो नगरचा म्हणून उगाचच अभिमान वाटतो. त्याने नगरचं काय घेतलं असेल, हे विचारू नका.

आणि एक मराठी आवाज त्याच्याही आधी तिथे पोचला होता. शिरोळच्या वेणू चितळे. १९३४ मध्ये त्या इंग्लंडला शिकायला गेल्या, युद्धात बीबीसीत आल्या, लेखक जॉर्ज ऑर्वेल हिंदुस्थानसाठीच्या कार्यक्रमांचं काम बघत होता तेव्हा त्याच्याबरोबर काम केलं. एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: टेबलाभोवती कवी टी. एस. एलियट, कादंबरीकार मुल्कराज आनंद, मागे उभा ऑर्वेल, आणि डाव्या टोकाला वेणूताई. त्या मायदेशासाठी मराठीत बोलत होत्याच. पण होम सर्व्हिसवर सकाळी सव्वाआठला 'किचन फ्रंट' नावाचा पाच मिनिटांचा कार्यक्रम असे, तुटपुंज्या रेशनात काय रांधायचं हे सांगणारा, तिथेही त्या बोलल्या. शाकाहारी स्वयंपाकाबद्दल. मी हे वाचलं तेव्हा आधी एलियटचा विचार बाजूला पडला. मांस मिळत नाही म्हणून हवालदिल झालेल्या देशाला शिरोळची एक बाई सकाळी सव्वाआठला डाळी-भाज्यांचं सांगते आहे, आणि कुठेतरी कुणीतरी गाजर चिरता चिरता ते ऐकते आहे. बहुधा उभ्याने. लंडनहून मराठीतलं प्रक्षेपण १९४२ ते १९५८ चाललं. मग बंद झालं. बीबीसीची मराठी सेवा पुन्हा सुरू झाली ती थेट २०१७ मध्ये, तीही इंटरनेटवर.

बाकीचंही एकेक करून मोडलं. १९६७ च्या सप्टेंबरअखेर लाइट प्रोग्राम हे नावच गेलं, त्याच्या जागी आकडे आले, रेडिओ वन, टू. फर्माइशींचा कार्यक्रम आणि कामगारांचं संगीत त्याच वर्षी संपलं, मिसेस डेल त्यानंतर दोन वर्षांनी, गोष्टीवाल्या बाई १९८२ मध्ये. 'वुमन्स अवर' टिकला. पण १९९१ मध्ये त्याला दुपारच्या दोनवरून सकाळी साडेदहाला हलवलं आणि श्रोत्या बायका उसळल्या. कार्यक्रम तोच, वेळ तेवढी वेगळी, आणि तरी निषेधाची पत्रं. माझ्या डोक्यातली शहाणी बाई म्हणते, दोन वाजता घरात असलंच पाहिजे हे गृहीत धरणाऱ्या वेळापत्रकासाठी कसली भांडता? ते मोडलं हे बरंच झालं. पण मी तिथे असते तर पहिलं पत्र माझंच गेलं असतं. पत्ता पाठ आहे: ब्रॉडकास्टिंग हाउस, पोर्टलंड प्लेस, लंडन. आणि विषयाच्या जागी लिहिलं असतं, की साडेदहाला मला वेळ नसतो.